चालत जाता येईल अशी शाळा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळा आणि पर्यावरण हा विषय निघाला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वृक्षारोपणाचा समारंभ उभा राहतो. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला असतो, त्या वेळी आपल्याकडे शाळांना सुट्टी असते. म्हणून हा समारंभ जुलैत उरकला जातो. पाहुणे येतात, फोटो निघतात आणि पुढच्या वर्षी बहुधा त्याच खड्ड्यात नवे रोप लागते. २०१९ साली राज्य सरकारने ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला, तेव्हा शाळाही त्या मोहिमेत ओढल्या गेल्या. झाडे लावण्याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु ज्या शाळेत पोरांना प्यायला पाणी नाही, तेथे रोपाला एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार, हा प्रश्न समारंभाच्या दिवशी कोणी विचारीत नाही.

दुसरा मार्ग पाठ्यपुस्तकाचा. एम. सी. मेहता यांच्या अर्जावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय सक्तीने शिकविण्याचा आदेश दिला आणि २००३ मध्ये त्याच आदेशाची सरकारांना पुन्हा आठवण करून द्यावी लागली. त्यानंतर पुस्तके निघाली, प्रकल्पवह्या निघाल्या, गुण ठरले. आता मूल पत्र्याच्या खोलीत घाम पुसत ‘जलसंधारणाचे महत्त्व’ पाठ करते आणि त्याच पत्र्यावर पडलेले पाणी पावसाळाभर शाळेसमोरच्या रस्त्यावरून वाहून जाते. पुस्तक आणि छप्पर यांची गाठ कोठेच पडत नाही. मला आज बोलावयाचे आहे ते या छपराविषयी. आणि त्याबरोबर भिंत, टाकी, चूल, संडास आणि शाळेपर्यंतची वाट यांविषयी.

‘हिरवी शाळा’ हा शब्द अलीकडे फार ऐकू येतो. बाली बेटावर २००८ मध्ये बांबूची एक अतिशय देखणी शाळा उभी राहिली, तिचे नावच ‘ग्रीन स्कूल’. बांबूच्या बांधकामाचे तेथील कौशल्य खरोखर पाहण्यासारखे आहे. परंतु तिची वार्षिक फी हजारो डॉलरांत मोजावी लागते आणि जगभरच्या श्रीमंतांची मुले तेथे विमानाने येऊन राहतात. आपल्याकडेही महानगरांच्या कडेला ‘आंतरराष्ट्रीय’ शाळा निघाल्या आहेत. त्यांच्या इमारतींना हिरवेपणाची प्रमाणपत्रे मिळतात. वर्ग वातानुकूलित असतात, पोहण्याचा तलाव असतो आणि सकाळी दीडदोन तास मुलांना गोळा करीत फिरणाऱ्या बसगाड्यांची रांग फाटकाशी लागते. प्रमाणपत्र देणारा माणूस इमारतीचे वीजबिल तपासतो. बसच्या डिझेलचा हिशेब त्याच्या रकान्यात फारसा येत नाही.

म्हणून मी पहिला मुद्दा अंतराचा घेतो. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची प्राथमिक शाळा, जिच्याकडे वाडीवरची पोरे पायी येतात, ती शाळा त्या येण्याजाण्यासाठी थेंबभरही इंधन जाळीत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि त्याखाली महाराष्ट्राने जे नियम केले, त्यांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरले. हा नियम समतेसाठी झाला हे खरे. पण पर्यावरणाच्या दृष्टीनेही याहून चांगला नियम मला माहीत नाही. आणि नेमका हाच नियम आज मोडला जात आहे. २०१७ मध्ये कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. २०२३ मध्ये ‘समूह शाळा’ ही कल्पना पुढे आली : लहान शाळा मिटवाव्यात, मुलांना गाडीने एका मोठ्या शाळेत न्यावे. गाडी किती दिवस चालेल, घाटात बंद पडली तर काय, आठवीतल्या मुलीला त्या गाडीतून पाठवायला आईबाप तयार होतील काय, या प्रश्नांची चर्चा आपण केली आहे. त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घाला. जे सरकार पर्यावरणावर भाषणे करते, तेच पायी जाण्याच्या शाळेच्या जागी डिझेलवर चालणारी शाळा का आणीत आहे?

याच्या अगदी उलट विचार महाराष्ट्रात पूर्वी झालेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभारले. मुले शाळेत येत नाहीत याचे कारण त्यांनी शोधले, तेव्हा मुले गुरे राखायला रानात जातात असे दिसले. मग त्यांनी शाळाच कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणत. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पनाही त्यांचीच. पाड्यावरच्या अंगणात झाडाखाली, भोवतालच्या बिया, पाने, खडे हेच साहित्य घेऊन तेथे शिकवणे चाले. पर्यावरण शिक्षणाचे नावही त्या काळी कोणी उच्चारीत नव्हते. आज बीडमधला ऊसतोड कामगार दुष्काळामुळे बिऱ्हाडासकट कारखान्याच्या तळावर जातो, तेव्हा त्याच्या मुलाची शाळा सहा महिने गावात रिकामी राहते. त्यावर साखरशाळा काढाव्या लागल्या. पाण्याचा प्रश्न आणि पटाचा प्रश्न असे एकमेकांत गुंतलेले आहेत. पट कमी झाला म्हणून शाळा बंद करणाऱ्या अधिकाऱ्याला तो पट कोणत्या तालुक्यातून कोणत्या तालुक्यात गेला हे विचारले पाहिजे.

आता इमारत. येथे आपल्या चळवळीतील मित्रांची एक आवडती समजूत आहे की माती, गवत, बांबू म्हणजे निसर्गाशी मैत्री आणि सिमेंट म्हणजे शत्रुत्व. सेवाग्रामच्या कुटीचे चित्र आपल्या मनावर इतके बिंबले आहे की पुढचा विचार करण्याची आपल्याला गरज वाटत नाही. १९३६ सालची ती माती-बांबूची, कौलांची कुटी विदर्भाच्या उन्हात आजही थंड राहते, हे तेथे जाऊन आलेल्यांना सांगायला नको. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरची मातीची धाबी कोसळून. दगडांना एकमेकांत बांधणारे लांब दगड त्या भिंतींत नव्हते, कोपरे सांधलेले नव्हते. ज्या बाईने त्या रात्री भिंतीखालून मूल उपसले, तिला मातीच्या शाळेचे गुण सांगायला आपण कोणत्या तोंडाने जावे? त्याचप्रमाणे तामिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून पेटलेली आग गवताच्या छपराला लागली आणि ९४ मुले जळून मेली. स्थानिक साहित्य हे आपोआप सुरक्षित साहित्य होत नाही. त्याला शास्त्राची जोड द्यावी लागते आणि ते शास्त्र गवंड्यापर्यंत पोहोचावे लागते.

अशी जोड देणारी माणसे आपल्यात होऊन गेली आहेत. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करावे, वेल्डिंग करावे, विटा रचाव्यात, माती तपासावी, कोंबड्या पाळाव्यात आणि त्यांतूनच विज्ञान शिकावे, अशी त्यांची पद्धत. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने तिला शालान्त मंडळाची मान्यताही मिळाली. किल्लारीच्या भूकंपानंतर भूकंपात टिकतील अशी घुमटाकार घरे बांधण्यात याच पाबळचा हात होता. ‘पाबळ डोम’ म्हणून ती ओळखली जातात. केरळमध्ये लॉरी बेकर या वास्तुशिल्पकाराने विटा आडव्या-उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवणारी भिंत रूढ केली. तिला विटा सुमारे एक चतुर्थांश कमी लागतात आणि आतल्या हवेमुळे उष्णताही कमी शिरते. स्लॅबच्या खालच्या भागात, जेथे काँक्रीटचा काही उपयोग नसतो, तेथे ते जुनी कौले भरीत. यांत सिमेंट आणि पोलाद वर्ज्य नाही. जेथे लागते तेथे आणि लागते तेवढेच ते वापरले आहे.

याहून नाट्यमय उदाहरण लडाखचे. सोनम वांगचुक आणि त्यांच्या मित्रांनी १९८८ मध्ये काढलेल्या ‘सेकमोल’ या संस्थेची शाळा लेहजवळ फे गावी आहे. दहावीत नापास ठरलेली मुले तेथे येतात. ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या जाड भिंती, दक्षिणेकडे तोंड आणि काचा, एवढ्याच सामग्रीवर बाहेर शून्याखाली १५ अंश असताना आत शून्यावर १५ अंशांच्या आसपास ऊब राहते. कोळसा जाळावा लागत नाही. ही इमारत बांधण्यात आणि सांभाळण्यात मुलांचाच हात आहे. मातीच्या बांधकामासाठी दिला जाणारा आंतरराष्ट्रीय पुरस्कार तिला २०१६ मध्ये मिळाला. (त्याच वांगचुक यांना लडाखच्या लोकशाही हक्कांच्या आंदोलनानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली अटक झाली, याचीही येथे नोंद करून ठेवू. मातीच्या भिंतीची वाखाणणी करायची आणि ती बांधणाऱ्याने प्रश्न विचारले की त्याला तुरुंगात टाकायचे, ही आपल्या राज्यकर्त्यांची रीत आहे.)

लडाखची इमारत उचलून सोलापुरात आणायची नाही. तेथे ऊन आत घ्यायचे आहे, येथे बाहेर ठेवायचे आहे. आपल्याकडची अडचण अशी की गडचिरोलीच्या रानात, कोकणातल्या मुसळधार पावसात आणि सोलापूरच्या माळावर शाळाखोलीचा ‘टाइप प्लॅन’ जवळजवळ एकच असतो. चार भिंती, वर पत्रा अथवा उघडा स्लॅब, समोर चिंचोळा वऱ्हांडा. पत्र्याखालची खोली मार्चच्या दुपारी भट्टी होते. म्हणून शाळा सकाळची करावी लागते आणि विदर्भात तर उन्हाळ्यामुळे शाळा इतरांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होते. लांब भिंती उत्तर-दक्षिण तोंडाच्या ठेवणे, पश्चिमेच्या भिंतीला खिडकी न ठेवता सावली देणे, छताजवळ गरम हवा निघून जाण्यासाठी झरोके सोडणे, पत्र्याला वरून चुन्याची पांढरी सफेदी देणे आणि खालून बांबूच्या तट्ट्यांचे आढे घालणे, यांतल्या कशालाही परदेशी सल्लागार लागत नाही. जुन्या वाड्यांचे गवंडी हे जाणत होते. नव्या खोलीचे तोंड कोठे असावे हे मात्र आज ठेकेदाराचा ट्रक कोठे उभा राहतो यावर ठरते.

पाण्याचा हिशेब मी जरा सविस्तर मांडणार आहे, कारण तो गावसभेत फळ्यावर मांडण्याजोगा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. शंभर मुलांची, चार खोल्यांची शाळा घ्या. वऱ्हांड्यासह एका खोलीचे छप्पर सुमारे ५० चौरस मीटर धरले तर चार खोल्यांचे २०० होते. मराठवाड्यातील वाईट वर्ष धरू आणि पाऊस ४०० मिलिमीटरच मोजू. छपरावर ८० हजार लिटर पाणी पडले. चतुर्थांश वाया गेले असे समजले तरी ६० हजार उरले. शंभर मुलांना रोज दोन लिटर पिण्याचे पाणी आणि कायद्याने प्राथमिकला ठरविलेले कामाचे २०० दिवस यांचा गुणाकार ४० हजार लिटर होतो. दुष्काळी वर्षातही शाळेच्या छपरावर मुलांच्या वर्षभराच्या तहानेपेक्षा जास्त पाणी पडते. सगळे साठवण्याचीही गरज नाही. पावसाळ्यातले रोजच्या रोज वापरले जाईल. नोव्हेंबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या सुमारे १२० शाळादिवसांसाठी २४ हजार लिटर पुरतात. चार मीटर व्यासाची, दोन मीटर खोलीची झाकलेली टाकी एवढे पाणी धरते. तारेच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा करून ती गावातला गवंडी बांधू शकतो. पहिल्या एकदोन पावसांचे धुवण बाहेर सोडण्याची सोय, तोंडाशी वाळू-कोळशाची गाळणी, घट्ट झाकण आणि नियमाने क्लोरीन, एवढी दक्षता मात्र घेतलीच पाहिजे. आणि छप्पर ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचे असेल तर ते आधी बदलून घ्या. त्यावरचे पाणी मुलांना पाजू नका.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्या जिल्ह्यातील किती शाळांच्या छपरांना तेव्हा पन्हळ होती, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

शाळेतली चूल हाही पर्यावरणाचाच विषय. ‘पीयूसीएल’च्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि कोट्यवधी मुलांना दुपारचे जेवण मिळू लागले. स्वातंत्र्यानंतरच्या मोठ्या लोकहिताच्या कामांत मी त्याची गणना करतो. पण ते अन्न शिजवणारी बाई कशी जगते? केंद्राने तिचे मानधन २००९ मध्ये महिना १००० रुपये ठरविले, तेही वर्षातून दहा महिने. राज्यांनी त्यात आपापली भर घातली एवढेच. तिला कामगार म्हणत नाहीत, ‘मदतनीस’ म्हणतात. लाकडांचा धूर तिच्या छातीत जातो, गॅसची टाकी संपली की सरपण तीच गोळा करते. धुराशिवायची चूल, शेण मिळत असेल तेथे गोबरगॅस, स्वयंपाकघराला वर धुराडे, या सोयी तिच्यासाठी आहेत हे विसरून ‘कार्बन’ची आकडेमोड करणे मला क्षम्य वाटत नाही. शहरांत आता मोठी केंद्रीय स्वयंपाकघरे निघाली. तेथून टेंपोने अन्न येते, बचतगटाच्या बायकांचे काम जाते आणि खिचडी गार होऊन पोचते.

जेवणात काय असावे याचाही विचार व्हावा. पठारावरचे आपले धान्य ज्वारी-बाजरीचे, कोकणातले नाचणीचे. ती पिके थोड्या पाण्यावर येतात. सरकारच्या गोदामातला तांदूळ शेकडो मैलांवरून, उपशाच्या पाण्यावर पिकून येतो. शाळेसाठी लागणारी ज्वारी त्याच पंचक्रोशीतल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडून ठरलेल्या भावाने घेतली तर दोघांचे भले होईल. शाळेच्या परसबागेची योजना सरकारी कागदावर आहे. हात धुतलेले आणि ताटे विसळलेले पाणी त्या बागेत सोडले, तर शेवगा, भोपळा, पालक, कढीपत्ता यांना वेगळे पाणी लागत नाही. जेथे शिक्षकाला गोडी आहे तेथे हे उत्तम चालले आहे. त्याची बदली झाली की वाफ्यांत काँग्रेस गवत माजते.

सौर वीज हा सर्वांत सोपा भाग, म्हणून तो थोडक्यात उरकतो. वीजबिल थकल्याने शाळांचे कनेक्शन तोडल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. छपरावर सौरपट बसवले तर हा प्रश्न सुटतो, आणि देणगीदारालाही आपल्या नावाची पाटी लावता येत असल्याने ते लवकर मिळतात. बॅटरी मेल्यावर ती बदलण्याचे पैसे कोणाच्या खात्यात आहेत, एवढे पाटी लावण्यापूर्वी विचारून घ्यावे.

संडासाविषयी बोलताना आपल्या समाजाची खरी ओळख पटते. कायद्याने मुलामुलींना वेगळे संडास दिले. पाणी दिले नाही, म्हणून त्यांना कुलूप लागले. पाळीच्या दिवसांत मुलगी घरी राहते आणि पुढे शाळाच सोडते. दोन खड्ड्यांचा संडास हा या बाबतीत सर्वांत शहाणा उपाय आहे. एक खड्डा भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा. दीडदोन वर्षांनी पहिल्यात वास नसलेले कोरडे खत तयार असते. विहीर किंवा बोअर मात्र त्यापासून पुरेशी दूर हवी. आपल्या कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरीत मैल्याच्या खताचे प्रयोग आयुष्यभर केले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी मिळावी म्हणून या उच्चवर्णीय माणसाने उपवास केला होता. अप्पांचा आग्रह खतापुरता नव्हता. ते काम एका जातीच्या माथ्यावरून उतरावे यासाठी होता. आज खेड्यांतून ‘स्वच्छ शाळा’ मोहिमेत संडास धुवायला कोणत्या मुलांना पाठवले जाते, ते आपण पाहून या. पाळीपत्रक सर्वांच्या नावांचे आणि शिक्षकांच्याही नावाचे असेल तरच त्याला श्रमशिक्षण म्हणावे. अन्यथा तो गुन्हा आहे आणि त्याची तक्रार झाली पाहिजे.

श्रमाचा प्रश्न निघालाच आहे, तर आपल्या परंपरेतील एका जुन्या वादाकडे वळतो. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे असे मांडले. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहांतली मुले शेतात राबून शिकली. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नयी तालीमचा आराखडा दिला. हातांनी काम करत शिकावे हा त्यातला विचार मोलाचा होता. परंतु मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा, ही जी अट त्याला जोडली गेली तिला त्या काळातल्या समाजवादी विचाराच्या मंडळींनी विरोध केला, आणि तो योग्यच होता. शाळेचा खर्च समाजाने करावयाचा असतो.

तो वाद आज नव्या वेशात आला आहे. ‘लोकसहभाग’ हा गोड शब्द झाला आहे. गावाने वर्गणी काढावी, पालकांनी रंग द्यावा, टाकी गावानेच बांधावी. आणि सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने तर कंपन्यांनी शाळा ‘दत्तक’ घ्यावी व ठरावीक काळ शाळेच्या नावाला आपले नावही जोडावे अशी सोय झाली. ज्या कारखान्याचे सांडपाणी नदीत जाते, त्याच कारखान्याच्या नावाची पर्यावरणस्नेही शाळा गावात उभी राहिली, तर मुलांनी त्या नदीविषयी प्रकल्पवहीत काय लिहावे? म्हणून मी आग्रहाने सांगतो की टाकी, पन्हळ, छप्पर, संडास यांचा पैसा अंदाजपत्रकातून आला पाहिजे. गावाचे श्रम, गावाची देखरेख आणि मुलांचे मोजमाप त्याला जोडले जावे. पैशाऐवजी श्रम मागणाऱ्यांना आपण बळी पडता कामा नये.

कायद्याने आपल्या हाती एक साधन दिले आहे. प्रत्येक शाळेची व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कलम २१ सांगते, आणि शाळेचा विकास आराखडा या समितीने करावयाचा असे कलम २२ सांगते. बहुतेक ठिकाणी हा आराखडा मुख्याध्यापक मार्चमध्ये एकटे बसून भरतात आणि सह्या घरोघर गोळा होतात. शाळा व्यवस्थापन समितीत आपला एकही कार्यकर्ता नसताना आपण मुंबईत शिक्षणमंत्र्यांच्या घरावर मोर्चा नेतो. मोर्चा न्यावाच. पण प्रत्येक तालुका शाखेने यंदा निदान पाच शाळा निवडाव्यात. सहावी-सातवीच्या मुलांकडून छपराचे माप घ्यावे. वर्गात एक साधा तापमापक टांगून दुपारी दोनला रोज नोंद ठेवायला मुलींना सांगावे. एका उन्हाळ्याच्या नोंदी हातात असल्या की जिल्हा परिषदेच्या अभियंत्याशी बोलणे सोपे जाते. स्वयंपाकीणबाईंना समितीच्या बैठकीत बसवावे आणि चुलीविषयी प्रथम त्यांनी बोलावे. पाड्यावरून शाळेपर्यंतचे अंतर चालत मोजून ते आराखड्यात लिहावे, म्हणजे शाळा मिटवण्याचा कागद आला की उत्तर तयार असेल. आराखडा मार्चपूर्वी द्यावा लागतो, पन्हळी मेच्या अखेरीस चढल्या पाहिजेत. तालुक्यांची वाटणी आपण जेवणानंतरच्या बैठकीत करू.